परभाषेच्या उंबरठ्यावर : चिनी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने

परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते. त्याची पदवी, त्याचा सत्कार आणि त्याला मिळालेले पद यांची माहिती गावाला होते. परंतु विमानतळावर उतरल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याच्यावर काय गुजरते, याची चर्चा क्वचितच होते. त्यातही तो इंग्रजी चालणाऱ्या देशात न जाता चिनी भाषा शिकण्यासाठी बीजिंगला गेलेला असेल, तर हा काळ अधिकच कसोटीचा ठरतो. पंचवीस वर्षांचा, पदवीधर, चारचौघांत नीट बोलणारा तरुण तेथे एका दिवसात निरक्षर होतो. दुकानावरील पाटी त्याला वाचता येत नाही आणि औषधाच्या बाटलीवरील सूचना कळत नाही. आपले दुखते कोठे, हेही त्याला सांगता येत नाही. प्रौढ माणसाने पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी या अनुभवाकडे पाहणे शिक्षकांना, अधिकाऱ्यांना आणि गावच्या कारभाऱ्यांनाही उपयुक्त ठरेल.

एक जुनी वाट

ही वाट नवी नाही. भारत आणि चीन यांच्यामध्ये विद्यार्थ्यांची ये-जा दीड हजार वर्षांहून जुनी आहे. सातव्या शतकात नालंदा येथे शीलभद्रांजवळ अध्ययन करणारा ह्युएनत्संग महाराष्ट्रातही येऊन गेला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील लोकांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्याच्यामागून इ. स. ६७१ मध्ये निघालेला इत्सिंग हा भिक्षू भारतात येण्यापूर्वी सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे सुमारे सहा महिने थांबला. संस्कृत व्याकरणाची पूर्वतयारी करणे हा त्या मुक्कामाचा हेतू होता. परक्या देशात विद्या घ्यावयाची तर आधी भाषेसाठी वेळ काढावा लागतो, हे त्या भिक्षूने तेराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आधुनिक काळात हा प्रवाह उलट दिशेनेही वाहू लागला. १९३७ साली शांतिनिकेतनात चीना भवन सुरू झाले. १९४७ साली भारत सरकारने दहा विद्यार्थ्यांना पेकिंग विद्यापीठात पाठविले. त्यांत वसंत परांजपे हे मराठी विद्यार्थी होते. ते शिकत असतानाच, १९४९ मध्ये, त्या शहरात सत्तांतर घडले. पुढे १९५४ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू चीनला गेले, तेव्हा माओ त्से-तुंग यांच्याशी झालेल्या त्यांच्या बोलण्यात दुभाष्याचे काम याच परांजपे यांनी केले. दोन देशांचे नेते समोरासमोर बसले असताना त्यांच्यामधील शब्दांचा भार सात वर्षांपूर्वी त्या भाषेचे पहिले धडे गिरविणाऱ्या एका विद्यार्थ्यावर होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकविण्याची पद्धतशीर सोय चीनमध्ये १९५० च्या सुमारास झाली. पूर्व युरोपातील देशांतून आलेल्या तेहेतीस विद्यार्थ्यांसाठी छिंगह्वा विद्यापीठात खास वर्ग उघडण्यात आला. १९६२ मध्ये या कामासाठी बीजिंगमध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ती पुढे बीजिंग भाषा संस्था आणि १९९६ पासून बीजिंग भाषा व संस्कृती विद्यापीठ म्हणून ओळखली जाऊ लागली.

कानाची परीक्षा

पहिल्या दिवशी वर्गात पुस्तक फारसे उघडले जात नाही. उघडावे लागतात ते कान. चिनी भाषेत स्वराची उंची शब्दाचा अर्थ ठरविते. प्रमाण चिनीत चार सूर आहेत. पहिला उंच व सपाट, दुसरा वर चढणारा, तिसरा खाली जाऊन किंचित वर येणारा आणि चौथा एकदम खाली आदळणारा. ‘मा’ हे एकच अक्षर पहिल्या सुरात आई, दुसऱ्या सुरात ताग, तिसऱ्या सुरात घोडा आणि चौथ्या सुरात शिव्या देणे असे चार अर्थ देते.

मराठी माणसाला हे अजब वाटते. पण तोही सूर वापरतोच. ‘हो’ हा एकच शब्द तो संमती देताना, प्रश्न विचारताना, नाइलाजाने मान्य करताना आणि चिडून बोलताना चार तऱ्हांनी उच्चारतो. फरक एवढाच की, मराठीत सुराने मनातला भाव बदलतो, शब्दाचा अर्थ बदलत नाही. चिनीत अर्थच पालटतो. ‘माय’ हा शब्द तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि चौथ्या सुरात विकणे या अर्थाचा आहे. सूर चुकला तर बाजारात सफरचंदे घ्यावयास गेलेला विद्यार्थी ती विकावयास आल्याचे दुकानदाराला सांगून बसतो. भोजनालयात ‘थांग’ म्हणून सूप मागावे आणि पुढे साखर यावी, असेही घडते. पिठाच्या पारीत सारण भरून उकडलेल्या पदार्थाचे नाव आणि ‘झोपणे’ हे क्रियापद यांच्यात तर केवळ सुरांचाच भेद आहे. ‘ते किती रुपयांना?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे वाढपीण बाई चमकून पाहते, तेव्हा त्याला आपली चूक उमगते. ही चूक तो पुन्हा करीत नाही. पुस्तकाने दहा वेळा सांगून जे होत नाही, ते असे एकदा हसे झाल्याने होते.

मराठी विद्यार्थ्याला मात्र काही बाबतींत जन्मतःच लाभ मिळालेला असतो. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यासारखा अल्पप्राण-महाप्राण असा भेद काटेकोरपणे पाळला जातो. इंग्रजी भाषकाला तो महिनोन्‌महिने घोटावा लागतो. मराठी मूल तो पाळण्यातच शिकते. आणखी मौजेची गोष्ट म्हणजे मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चाक’मधला दाताजवळचा आणि ‘चार’मधला टाळूजवळचा. लिपीत दोन्ही एकच असल्याने आपण ते जाणीवपूर्वक मोजत नाही. चिनीत हे दोन्ही उच्चार वेगवेगळे आहेत आणि जीभ मागे वळवून, ‘ट’च्या जागी नेऊन उच्चारावयाचा तिसराही ‘च’ आहे. पहिले दोन मराठी विद्यार्थी सहज उच्चारतो, तेव्हा शिक्षिका कौतुक करते आणि शेजारच्या बाकावरील युरोपीय विद्यार्थी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. आपल्या मातृभाषेने आपल्याला काय दिले आहे, याचा शोध अनेकदा असा परभाषेच्या वर्गात लागतो.

हाताची परीक्षा

कानापाठोपाठ हाताची पाळी येते. चिनीत वर्णमाला नाही. चिन्हे आहेत आणि ती हजारोंनी आहेत. २०१३ साली चीन सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे आहेत; त्यांपैकी पहिल्या श्रेणीतील ३,५०० नित्य वापरातील समजली जातात. चीनमध्ये साक्षरतेचा निकषही चिन्हांच्या संख्येवर ठरला. शेतकऱ्याला १,५०० आणि शहरातील कामगाराला २,००० चिन्हे आली की तो साक्षर, असे मानण्यात आले. प्रौढ शिक्षणाचे काम केलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना या आकड्यांवरून त्या कामाच्या व्याप्तीची कल्पना येईल.

हे ओझे हलके करण्यासाठी दोन मोठे उपाय योजले गेले. १९५६ मध्ये चिन्हांच्या सुलभीकरणाची योजना जाहीर झाली आणि १९५८ मध्ये ‘फिनयिन’ ही रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याची पद्धत मान्य झाली. या पद्धतीच्या जडणघडणीत प्रमुख वाटा असलेले चौ यौक्वांग हे १९०६ मध्ये जन्मले आणि १११ वर्षांचे होऊन २०१७ मध्ये निवर्तले. आज चिनी मूल पहिल्या इयत्तेत आणि परदेशी विद्यार्थी पहिल्या आठवड्यात याच पद्धतीच्या आधाराने वाटचाल सुरू करतो.

तरीही चिन्हे टळत नाहीत. रोज संध्याकाळी आडव्या-उभ्या रेघांनी चार भाग केलेल्या चौकटींची वही समोर घेऊन विद्यार्थी गिरवीत बसतो. रेघांचा क्रम ठरलेला असतो. साधारणपणे आधी आडवी, मग उभी. आधी वरची, मग खालची. आधी डावीकडची, मग उजवीकडची. दुसऱ्या दिवशी वर्गात श्रुतलेखन असते. काल पाठ झालेली वीस चिन्हे आज बाराच आठवतात. हा हिशेब रोज तोट्याचाच असतो आणि तो मनाला खातो.

हळूहळू त्याला चिन्हांतील कुटुंबे दिसू लागतात. एक झाड म्हणजे लाकूड, दोन झाडे म्हणजे वनराई, तीन झाडे म्हणजे अरण्य. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की प्रकाश. ‘आई’च्या चिन्हात डावीकडे स्त्री आहे आणि उजवीकडे घोडा. आईचा घोड्याशी संबंध नाही. घोडा केवळ ‘मा’ हा उच्चार सुचवितो. बहुसंख्य चिनी चिन्हे अशी एक अंग अर्थाचे आणि एक अंग उच्चाराचे घेऊन बनलेली असतात. हे सूत्र सापडले म्हणजे चिन्हांचे जंगल ओळखीच्या वस्तीसारखे वाटू लागते. १९५३ मध्ये प्रथम निघालेला ‘शिनह्वा’ नावाचा छोटा शब्दकोश चिनी घराघरांत असतो. अशा कोशात, उच्चार माहीत नसलेले चिन्ह त्याच्या अंगावरून आणि रेघांच्या संख्येवरून शोधावयास विद्यार्थी शिकतो, तेव्हा तो प्रथमच स्वतःच्या पायावर उभा राहतो.

व्याकरणाच्या बाजूने मात्र त्याला दिलासा मिळतो. चिनीत नामाला लिंग नाही, क्रियापदाची रूपे चालवावी लागत नाहीत. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाला ही सुटीच वाटते. वाक्यात कर्म क्रियापदानंतर येते, एवढे ध्यानात ठेवावे लागते. परंतु आधी काळ, मग स्थळ, मग क्रिया हा क्रम ‘मी काल मुंबईत पुस्तक घेतले’ या आपल्या वाक्यासारखाच असतो.

तिसरा महिना

पहिल्या महिन्यात उत्साह असतो, दुसऱ्यात नेट असतो. तिसऱ्या महिन्यात मन खचते. तोवर नोव्हेंबर उजाडलेला असतो. बीजिंगमध्ये पारा शून्याखाली जाऊ लागतो. इमारती तापविण्याची सार्वजनिक व्यवस्था साधारणपणे १५ नोव्हेंबरला सुरू होते. त्याआधीचे थंड दिवस कोकणातून किंवा विदर्भातून गेलेल्या मुलाला फार जड जातात. शाकाहारी असेल तर जेवणाचीही पंचाईत असते. ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर भाजीत खिम्याचे चार कण आणि मटणाच्या पाण्याचा रस्सा चालेल, असा समज सहज होतो. ‘सू’ म्हणजे शाकाहारी हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकाच्या बऱ्याच आधी पाठ होतो.

याच सुमारास एक मोह पुढे येतो. वसतिगृहात आपल्या देशाचे चार जण असतात. त्यांच्या खोलीत डाळभात शिजतो, आपल्या भाषेत गप्पा रंगतात. त्यात वावगे काहीच नाही. परक्या मुलखात हा आधार लागतोच. परंतु जो विद्यार्थी वर्ग सुटला की थेट त्या खोलीत शिरतो आणि रात्री बाहेर पडतो, त्याची चिनी चार तासांचीच राहते. वर्षअखेर तो परीक्षा उत्तीर्ण होईलही. पण रस्त्यावर त्याची जीभ वळत नाही. त्या वर्षाचे सार्थक होणार की नाही, याचा निर्णय वर्गात होत नाही. वर्गाबाहेर त्याला सोबती मिळतो की नाही, यावर तो अवलंबून असतो.

मैत्रीची भाषा

पहिले सोबती बहुधा वर्गातच भेटतात आणि ते चिनी नसतात. एका बाकावर जपानी, दुसऱ्यावर कोरियन, पलीकडे रशियन, मागे आफ्रिकेतील एखाद्या देशाचा विद्यार्थी. या साऱ्यांना जोडणारी इंग्रजी नसते, तर मोडकीतोडकी चिनीच असते. जपानी विद्यार्थ्याला चिन्हे आधीच येतात, पण उच्चार अडतात. मराठी विद्यार्थ्याचे उच्चार चांगले, पण चिन्हे अडतात. दोघे शेजारी बसले की एक लिहून दाखवितो, दुसरा बोलून दाखवितो. सहकाराचे याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

चिनी मित्र मिळविण्यासाठी तेथे एक रूढ मार्ग आहे. त्याला ‘भाषासोबती’ म्हणता येईल. ज्याला इंग्रजी किंवा अन्य भाषा शिकावयाची आहे असा चिनी विद्यार्थी आणि चिनी शिकणारा परदेशी विद्यार्थी आठवड्यातून दोनदा भेटतात. अर्धा तास एका भाषेत, अर्धा तास दुसऱ्या भाषेत. या व्यवहारात एक धोका असतो. चिनी मित्राचे इंग्रजी विद्यार्थ्याच्या चिनीपेक्षा बरे असेल, तर साऱ्या गप्पा इंग्रजीकडे घसरतात. म्हणून घड्याळ लावून बसण्याचा करार पहिल्याच दिवशी करावा लागतो. आणखी एक गोष्ट कळावयास वेळ लागतो. परदेशी माणसाने ‘नी हाव’ म्हणजे ‘नमस्कार’ एवढे म्हटले तरी ‘तुमची चिनी फार छान आहे’ अशी तारीफ होते. त्यावर धन्यवाद म्हणून गप्प बसण्यापेक्षा ‘नाली, नाली’, म्हणजे ‘कुठे, कुठे’, असे म्हणून ती नाकारणे हा जुना शिष्टाचार आहे. ज्या दिवशी मित्र तारीफ करावयाचे सोडून चुका सुधारू लागतो, त्या दिवशी मैत्री खरी झाली असे समजावे.

या मैत्रीत मराठी विद्यार्थ्याला परकेपणा लवकर विसरावयास लावणाऱ्या काही गोष्टी आहेत. वाटेत भेटल्यावर जुन्या वळणाचे चिनी लोक ‘जेवलात का?’ असे विचारतात. हे आमंत्रण नसते. ती विचारपूस असते. आपल्या खेड्यापाड्यांत वेगळे काय होते? इंग्रजीत ज्या एका ‘अंकल’मध्ये काका, मामा, मावसोबा सगळे कोंबले जातात, तेथे चिनीत प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द आहे. वडिलांचा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा. आत्या वेगळी, मावशी वेगळी. एवढेच नव्हे, तर वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही निरनिराळी नावे आहेत. अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारतात. वसतिगृह झाडणाऱ्या बाईंना ‘आयी’, म्हणजे मावशी, म्हटले जाते. तो शब्द ऐकताना मराठी कानाला स्वतःच्या आईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चालकाला, कारागिराला ‘शिफू’, म्हणजे उस्ताद, म्हणतात. शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारीत नाहीत; आडनावापुढे ‘लाओशी’ जोडतात, जसे आपण ‘गुरुजी’ जोडतो.

आणि मग चहा येतो. आपला ‘चहा’ हा शब्द मूळ चिनी ‘छा’पासून, प्रवास करीत आपल्यापर्यंत पोहोचला. उलट ‘क्षण’ हा संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चिनीत ‘छाना’ होऊन राहिला. मोगऱ्याच्या कुळातील फुलाचे ‘मोली’ हे चिनी नाव ‘मल्लिका’वरून आले. त्या फुलांचा वास दिलेला चहा पुढ्यात ठेवून मित्र हे सांगतो, किंवा विद्यार्थी मित्राला सांगतो, तेव्हा दोघांनाही आपण एकमेकांचे देणेकरी असल्याचे जाणवते.

नावातले नाते

चिनी वर्गात प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला चिनी नाव मिळते. आधी आडनाव, मग नाव. बहुधा तीन चिन्हांचे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव असेच ‘ख तीह्वा’ झाले. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. त्या पाचही जणांच्या चिनी नावांत ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे चिन्ह जोडण्यात आले होते. कोटणीस भाषेचे विद्यार्थी म्हणून गेले नव्हते; पण जखमी सैनिकाशी दुभाष्याविना बोलता यावे, म्हणून ते विद्यार्थी झाले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनीत शिकवीत आणि शल्यचिकित्सेचे पुस्तकही चिनीत लिहीत होते. त्याच रुग्णालयाच्या कामातून ओळख झालेल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चार वर्षांत एका डॉक्टराने परभाषा इतकी आपलीशी करावी, यामागे नुसती बुद्धी नव्हती. आपला रुग्ण काय सांगतो आहे ते आपल्याला कळलेच पाहिजे, ही निकड होती. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही हाच अनुभव आला आहे. वर्गात इंग्रजी चालते, पण खाटेवरचा रुग्ण चिनीतच कण्हतो.

आपल्यासाठी बोध

श्रोतेहो, भारत आणि चीन यांच्यात लांब सीमा आहे, व्यापार आहे आणि १९६२ च्या युद्धाची कटू आठवणही आहे. संबंध चांगले असोत वा ताणलेले, शेजारी काय बोलतो आणि काय लिहितो हे त्याच्याच भाषेत समजणारी माणसे देशाजवळ असणे हिताचे असते. अशी माणसे एका वर्षात तयार होत नाहीत. त्यांचा पाया अशा एकेका विद्यार्थ्याच्या थंडीतल्या संध्याकाळी, चौकटीच्या वहीवर घातला जातो.

परंतु या कथेचा बोध बीजिंगपुरता मर्यादित नाही. मेळघाटातील कोरकू बोलणारे, गडचिरोलीतील माडिया बोलणारे, नंदुरबारमधील पावरी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा प्रमाण मराठी त्याला तशीच परकी असते. ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबातील मूलही गावच्या शाळेत असेच बावरून बसते. त्याचे मौन म्हणजे मंदपणा नव्हे. ते तिसऱ्या महिन्यातील विद्यार्थ्याचे मौन असते. त्याला आधी हवा असतो तो सोबती, हसे झाले तरी पुन्हा बोलू देणारा वर्ग, आणि त्याच्या भाषेतील चार शब्द शिकून घेणारे गुरुजी. नव्याने बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यानेही पहिल्या सहा महिन्यांत तेथील बोलीतील विचारपुशीचे, दुखण्याखुपण्याचे आणि नात्याचे शब्द आत्मसात केले, तर गाव त्याच्याशी दुभाष्याविना बोलू लागेल. शाळा समितीत बसणाऱ्या पंचायत सदस्यांनी अशा मुलांची यादी करून, प्रत्येकाला वर्गात एक सोबती जोडून देण्याची सूचना मुख्याध्यापकांना केली, तर त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज पडणार नाही.